मुसम्मात बख्तावरची जागा

नांगली, दिवाळीनंतरचा जुम्मा, सन १९०३

बेटा नवाजिश,

जिवंत आहेस म्हणे. नेकीराम लोहार मोंबासाहून परत आला तेव्हा कळलं. आधी स्वतःच्या आईच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दारात येऊन म्हणाला, "चाची, तुमचा नवाजिश इंजिनांच्या कारखान्यात आहे. खुशाल आहे, मिशा ठेवल्यात." मला माझ्या मुलाच्या मिशांची खबर लोहाराच्या पोराकडून मिळावी! न सांगता निघून गेलास, त्याला दोन वर्षं झाली. दोन ओळी लिहायला हात झडले होते का तुझे?

असो. रागावण्यासाठी हे पत्र नाही. रागावलेली आहेच, ते वेगळं. काम आहे म्हणून लिहिते. फाल्गुनाच्या आत तू घरी यायचं आहेस.

आपल्या रिसाल्याला ह्या फाल्गुनात शंभर वर्षं होतात. छावणीत चुना, गेरू आणि आरडाओरडा ह्यांशिवाय दुसरं काही नाही. नवे कमान साहेब, रिसाल्याचे मोठे गोरे अधिकारी, त्याचा इतिहास लिहायला बसलेत आणि त्यांचा मुनशी गावोगाव म्हाताऱ्यांना विचारत फिरतो. आपल्याकडेही आला. मी पडद्याआडून त्याला सगळं सांगितलं. शिंदे सरकारची फौज मोडली तेव्हा तुझे खापरपणजोबा मेहताब खाँ तीन-चार महिने बसून होते. नोकरी नाही, आणि घोड्याला तर रोज दाणा लागतो. मग कळलं की हॅलम नावाचा साहेब नवा रिसाला उभा करतो आहे. सगळ्यांच्या आधी हे जाऊन त्याच्या तंबूसमोर उभे राहिले. साहेबाने विचारलं, "तुझ्या मागे किती जण आहेत?" हे म्हणाले, "मी अजून वळून पाहिलेलं नाही." साहेब हसला आणि रिसाल्यातली पहिली जागा त्याने त्यांना दिली.

मुनशीने हे उतरवून घेतलं आणि विचारलं, "बीबीजी, हॅलम साहेबाच्या घोड्याचं नाव काय होतं?" मी म्हटलं, "ते त्याच्या नातवंडांना विचारा. आमच्या घोडीचं नाव लालपरी होतं, ते लिहा." त्याने लिहिलं नाही. सत्तावनात ह्याच घरातला एक भाऊ रिसाल्यात राहिला आणि दुसरा बागी होऊन फाशी गेला, आणि आपण दोघांचा फातिहा एकाच दिवशी करतो, हे सांगायला लागले तेव्हा तर त्याने दौतीचं झाकणच लावलं. साहेबाचं पुस्तक तयार होईल, पण त्यात अंगण कोणाचंच नसेल.

आता मुद्द्याचं. तू विसरल्याचं सोंग घेशील म्हणून पहिल्यापासून लिहिते. आपला रिसाला शिलेदारांचा. घोडा सरकारचा नाही, ज्याचा त्याचा. आणि ज्याचा घोडा त्याची जागा. मालक मेला तर त्याची बेवा जागा राखते, आपल्या घोड्यावर बारगीर बसवते, आणि तो तिच्या वतीने चाकरी करतो. तुझे अब्बा चीनच्या मोहिमेवरून आले नाहीत, तेव्हापासून मी त्यांच्या भुऱ्या घोड्यावर भाड्याचा बारगीर बसवून पहिली जागा राखली. हजेरीत आजवर "मरहूम जहाँदाद खाँची जागा" असंच पुकारलं जातं, कारण घोडा त्यांचा होता. गेल्या महिन्यात रिसाल्याच्या पंचांनी भुऱ्याला म्हातारा ठरवून काढून टाकलं. कायदा तुला माहीत आहे. नवा घोडा, नवं नाव. म्हणजे ह्या शंभराव्या वर्षाच्या हजेरीत पहिलं नाव पुकारलं जाईल ते माझं, सरकारी कागदात बाईच्या नावाला लावतात तसं मुसम्मात लावून: मुसम्मात बख्तावर.

आणि हेच तुझ्या चाचाच्या घशाखाली उतरत नाही. रिसालदार झाल्यापासून हुरमत खाँची मान आणखीच ताठ झाली आहे. हजेरी तोच घेतो. चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "पहिली जागा, शंभरावं वर्ष, आणि मी बाईचं नाव पुकारू? जीभ झडेल माझी." फाल्गुनाच्या आत माझा घोडा आणि स्वार पंचांपुढे पास झाला नाही तर जागा त्याच्या घराकडे जाते. तो टपूनच बसला आहे.

घोडा आहे. मैना! संवत छप्पनच्या दुष्काळात, चार वर्षांमागे, तिची आई मेली आणि मी आणि सकीना फुफीने तिला अंगणात बकरीच्या दुधावर वाढवली, आठवतं ना? तू गेलास तेव्हा ती ओसरीवर चढून पीठ खायची. आता बघशील तर ओळखणार नाहीस. काळीभोर, कपाळावर चांदणी, आणि चाल अशी की सकीना म्हणते हिच्यासाठी सोयरीक बघायला हवी.

स्वार तू. भरतीच्या दिवशी पडलास म्हणून काय झालं? साऱ्या रिसाल्यासमोर पगडी एकीकडे आणि तू एकीकडे, आणि हुरमत खाँ सगळ्यांत मोठ्याने हसला, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच म्हणते, ये. त्याच मैदानात, त्याच्या नाकावर टिच्चून, पहिल्या जागेवरून "हाजिर" म्हण.

आगबोटीला उशीर करू नकोस.

तुझी अम्मा


नांगली, रमजान, दुसरा आठवडा

बेटा,

तुझं उत्तर नाही. बहुतेक तू निघालाच असशील म्हणून उत्तर नाही, अशी मी समजूत घालून घेतली आहे. हे पत्र तुला वाटेत चुकलं तर चुकू दे.

इथे जे झालं ते दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगते.

पंचांनी नव्या घोड्यांची पाहणी ठेवली. तू नाहीस, म्हणून मी जुन्याच बारगिराला मैनावर बसवायचं ठरवलं. मी आणि सकीना बहलीत, आपल्या छपराच्या बैलगाडीत, बसून गेलो, पडदे बांधून, मैदानाच्या कडेला चिंचेखाली थांबलो. रोज्याने सगळ्यांची डोकी आधीच तापलेली. मोतद्दार मैनाला घेऊन रिंगणात गेला. उंची मोजून झाली, दात पाहून झाले. सरदार बहादूर हरफूल सिंग पंचांमध्ये सगळ्यांत वडील, ते स्वतः म्हणाले, "जनावर सोन्यासारखं आहे."

मग बारगीर रिकिबीत पाय घालायला गेला आणि मैनाने त्याला रिकिबीपर्यंत पोचूच दिलं नाही. तो डावीकडून आला की ही उजवीकडे. दुसरा आला, त्याचंही तेच. तिसऱ्याची तर तिने बाहीच फाडली. बूट वाजवत, टाचा मारत, "हट्, हट्" करत पुरुष आला की हिचे कान मागे. मला तेव्हा कुठे उमगलं की आमचं काय चुकलं. जन्मल्यापासून ती बायकांत वाढली. खरारा सकीनाने केला, दाणा मी दिला, पाठीवर बसली ती शेजारची सून, तीही हसत हसत. पुरुष स्वार तिला माहीतच नाही! आम्ही रिसाल्याची घोडी पडद्यात वाढवली होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं ए बाई, उभी राहा ना!"

बस. तिने माझा आवाज ऐकला. लगाम हिसडून, रिंगण ओलांडून, पंचांच्या खुर्च्यांमधून वाट काढत ती चौखूर उधळली ती थेट बहलीपाशी, आणि पडद्यातून मान आत घालून माझ्या मांडीवर तोंड ठेवून उभी राहिली. पडदा फाटला. साऱ्या रिसाल्याने माझं तोंड पाहिलं. तुझ्या अब्बांच्या घरात तीन पिढ्यांत जे कोणी पाहिलं नव्हतं ते मेल्या घोडीने भर दुपारी दाखवलं.

सगळे जे हसायला लागले ते थांबेचनात. "पर्दानशीन घोडी!" कोणीतरी ओरडलं. तेव्हापासून छावणीत तिचं तेच नाव पडलं आहे.

हुरमत खाँ बहलीपाशी आला. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, एवढी अदब ठेवली, पण बोलला ते विषासारखं. "भाभी, घराण्याचं नाक कापलंत. शंभर वर्षांत पहिल्या जागेवर कोणी हसलं नव्हतं. आता तरी जागा सोडा."

मी म्हटलं, "हुरमत, हसणं सोसायची मला सवय आहे. माझ्या मुलावर कोण हसलं होतं ते मी पाहिलंय. पंच काय म्हणतात ते सांग."

पंच म्हणाले, माघात एकदा आणखी पाहू. तेव्हाही घोडीने स्वार घेतला नाही तर जागा हुरमत खाँची.

घरी आल्यावर मी नमाजाच्या जानमाजवर बसले आणि रडले. सकीनाला सांगितलं की रोजा लागला आहे. तुझ्यापासून काय लपवू? मला ती जागा हवी आहे, नवाजिश. तुझ्या अब्बांना मी दफनही केलं नाही, चीनची माती मला कुठे दिसणार? ती जागा हेच माझ्यापाशी उरलं आहे.

लवकर ये. मैना तुला ओळखेल. तू तिला गूळ द्यायचास.

तुझी अम्मा


नांगली, ईदनंतर, पौष

नवाजिश,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "अम्मा, मी खुशाल आहे. घोड्यावर मी बसणार नाही, म्हणून घरी येणार नाही."

मी ते पिठाच्या डब्यात ठेवलं. मग काढलं. पुन्हा ठेवलं. सकीना म्हणाली, "आता त्याची पोळी कर." ईदच्या शेवया मी कोणाच्या नावाने केल्या होत्या हे तिला माहीत आहे, म्हणून नंतर तिनेच ते पुन्हा डब्यात ठेवलं.

तुला काय लिहू? राग आला. अजून आहे. पठ्ठ्या इंजिनाच्या पोटात शिरतो, तिथे भाजून मरायची भीती वाटत नाही, आणि आईच्या अंगणातल्या घोडीची भीती वाटते! हे मी लिहिलं ते खोडणार नाही. खोडायला शाई वाया कशाला घालवू?

तर मग आता माझा मी मार्ग काढला आहे. तुझ्यावाचून. ऐक.

ईदच्या तिसऱ्या दिवशी यासीन आला. हुरमत खाँचा यासीन, तुझा चुलतभाऊ. त्याची आई तो जन्मताच गेली आणि तो माझ्या चुलीपाशी तुझ्या ताटात जेवून मोठा झाला. आता रिसाल्यात स्वार आहे, बापाच्या दुसऱ्या घोड्यावर. दोन्ही घरांत बोलणं बंद झाल्यापासून तो आला नव्हता. दारातच उभा राहिला.

"बडी अम्मा, आत येऊ?"

"बापाला विचारून आलास का?"

"त्यांना विचारलं असतं तर आलोच नसतो."

बसला. शेवया खाल्ल्या. परत मागितल्या. मग वाटीकडे बघत म्हणाला, "मैनावर मी बसतो. तुमचा बारगीर म्हणून."

मी हसले. म्हटलं, "वेडा आहेस का? मी हरले तर ती जागा तुलाच मिळणार आहे. शिलेदाराचा मुलगा तू, आणि बाईचा बारगीर होणार? लाइनीतले तुला जगू देतील?"

"जागा मला हवी आहे," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? लहानपणापासून हवी आहे. पण अब्बा ती हिसकून मला देणार, आणि मी त्या घोड्यावरून ह्या दारासमोरून जाणार? त्यापेक्षा मी बारगीर बरा."

 मी उगीच चूल फुंकत बसले.

पण मैनाला हे कोण सांगणार? तो अंगणात गेला, बूट वाजले, तिचे कान मागे. सकीनाने ते पाहिलं आणि तिला चेव आला. "अरे बूट काढ! टाचा काढ! बाईच्या घरात आलास ना?" त्याने मुकाट्याने काढले. तरी मैना मान देईना. मग सकीनाने आपल्या अंगावरची नाही, माझी जुनी पिवळी ओढणी काढली, तीच जी घेऊन मी दाणा भिजवते, आणि त्याच्या डोक्यावर फेकली. "घे. घोडीला पडदा आहे, तुला तर नाही. तूच बाई हो!"

ती थट्टा करत होती. यासीनने मात्र ओढणी नीट अंगाभोवती घेतली आणि आपण बायका बोलतो तसं हळूच म्हणाला, "अगं मैना, ये गं." मैनाने त्याचा खांदा हुंगला, मग ओढणी हुंगली, आणि एक मोठा सुस्कारा टाकला, जशी काही दोन महिन्यांची दमली होती. तो पाठीवर बसला. तिने कानसुद्धा हलवला नाही.

आता तो रोज येतो. सकीना त्याला बायकांच्या हाका शिकवते आणि दोघं खिदळतात. ओढणी सोडून बसवायचा प्रयत्न करून पाहिला. नाही बसू देत.

आणि पंचांपुढे ओढणी घेऊन जायचं म्हणजे काय, हे यासीनला कळतं. मला तर कळतंच.

अम्मा


नांगली, माघ, सन १९०४

नवाजिश,

पास! पास! पास!

हे आधी लिहिते, बाकीचं मागून. सकीना कालपासून दारातून जाईल त्याच्या हातावर शक्कर ठेवते आहे, अख्खा तांडा आला असता तरी तिने एकालाही सोडलं नसतं.

बहली ह्या वेळी मी दूर उभी करवली आणि तोंडात पदर कोंबून बसले, एक शब्द निघू दिला नाही. यासीन रिंगणात आला. अंगावर वर्दी, डोक्याला रिसाल्याची निळी पगडी आणि त्यावरून माझी पिवळी ओढणी, दाण्याच्या डागांसकट. पायात बूट नाही.

काय गदारोळ झाला म्हणून सांगू! "नवी नवरी आली रे! बहू आली!" जाटांच्या तुकडीने तर लग्नातलं गाणं सुरू केलं. मला वाटलं, आता हा वळणार आणि निघून जाणार. माणसाला एकदा असं हसलेलं पुरतं, हे मला ठाऊक आहे. पण यासीनने ओढणी आणखी पुढे ओढली आणि ओरडला, "नवरीच आहे! तोंड पाहायचं तर आधी नजराणे काढा, भिकाऱ्यांनो!"

बेटा, हसण्याची दिशाच बदलली. आधी त्याला हसत होते, आता त्याच्याबरोबर हसायला लागले.

हुरमत खाँ पंचांमध्ये बसला होता. तो उठला. चेहरा राखेसारखा. म्हणाला, "हा माझा मुलगा नाही."

यासीन घोडीपाशी उभा होता. अदबीने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "अब्बा, मी आज मुसम्मात बख्तावरचा बारगीर आहे. मुलगा मी घरी आल्यावर."

आणि बसला. दुडकी, मग भरधाव, मग वळण, मग खड्डा. मैना अशी गेली की धूळ तिच्या मागे राहिली. मग गोळीची परीक्षा. कानाजवळ बंदूक उडवली, तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. सगळे चकित. मी चकित नाही. सकीनाच्या शेजारी जी वाढली ती गोळीला काय दचकणार?

पंचांनी डोकी एकत्र केली. हुरमत खाँचं म्हणणं, ओढणी घेऊन स्वारी हा रिसाल्याचा अपमान आहे. सरदार बहादूर हरफूल सिंगांनी दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, "रिसालदारसाब, घोडी उंचीला बसते. दातांना बसते. गोळीला दचकत नाही. स्वार पडला नाही. ओढणीबद्दल कायद्यात काही नाही. माझ्या आजाने तर घोडीला अफू चारून पास करून घेतली होती, ही निदान शुद्धीत आहे."

मैनाच्या पुठ्ठ्यावर रिसाल्याचा डाग दिला. नवा डाग, नवं नाव. मैना आता रिसाल्याची आहे आणि जागा माझी आहे.

हुरमत खाँने यासीनला घरात घेतलं नाही. तो सध्या तुझ्या खाटेवर झोपतो. तुझी हरकत नसावी.

अम्मा


नांगली, फाल्गुन, होळीच्या आधीचा आठवडा

माझ्या नवाजिश,

हे पत्र सावकाश वाच. काम सोडून, हात धुऊन वाच.

काल रिसाल्याला शंभर वर्षं झाली.

मैदानाला एवढी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. मागचे पेन्शनर, कोणी काठीवर, कोणी नातवाच्या खांद्यावर, सगळे जुन्या वर्दीत. बटणं कोणाचीच लागत नव्हती. बायकांच्या बहल्यांची एक रांगच लागली होती. आपली बहली सगळ्यांत पुढे. ती तिथे कमान साहेबांच्या हुकमाने लावली होती, पहिल्या जागेच्या मालकाची म्हणून. ओढणीचंही त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी म्हटलं म्हणे, घोडीला हवी तर राहू दे, पण नीट बांधा. म्हणून यासीनने ती कमरपट्ट्याच्या जागी बांधली होती. निळ्या वर्दीवर पिवळी ओढणी. सकीनाने धुवायला काढली होती, मी धुऊ दिली नाही. वास गेला असता तर?

रिसाला उभा राहिला. राँघड, जाट, शीख, कायमखानी, तुकडीमागे तुकडी. समोर एकटा हुरमत खाँ घोड्यावर. हजेरी त्याला घ्यायची होती.

मैदान शांत झालं. मी पडद्याला नाक लावून बसले होते. तो काही बोलेचना. घोडा उभा, तो उभा. कमान साहेबांनी मान वळवून पाहिलं. सकीना माझा हात एवढा दाबत होती की बांगडी फुटली. मला वाटलं, आता हा तुझ्या अब्बांचंच नाव घेईल आणि सगळं धुळीला मिळेल. आणि खरं सांगू, त्याची मला कीवही आली. मोठ्या भावाचं नाव त्याच्या ओठांवर बसलेलं होतं.

मग त्याने छाती भरून घेतली आणि असा पुकारा केला की छावणीच्या पलीकडे ऐकू गेला असेल.

"पहिली जागा! मुसम्मात बख्तावर!"

"हाजिर!" यासीन म्हणाला.

आणि रिवाज आहे ना, पहिल्या जागेच्या हजेरीला सारा रिसाला भाले उंचावतो. मी लग्न होऊन आल्यापासून तो रिवाज ऐकत आले. तुझ्या आज्यासाठी झालेला ऐकला, तुझ्या अब्बांसाठी झालेला ऐकला. काल सगळ्या रिसाल्याने माझ्या नावाला भाले उंचावले. नवाजिश, माझ्या नावाला! बहल्यांमधल्या बायका मोठमोठ्याने रडत होत्या आणि हसत होत्या. मी पडदा बाजूला सारला. सगळ्यांनी माझं तोंड आधीच पाहिलेलं होतं. म्हटलं, आता मी त्यांना पाहते.

मग नेजाबाजी, भरधाव घोड्यावरून जमिनीतली खुंटी भाल्याने उचलायची. पहिली खुंटी पहिल्या जागेची. यासीन भरधाव आला, वाकला, आणि खुंटी भाल्याच्या टोकावर! मैना तर असं मिरवत आली जसं काही तिनेच भाला मारला होता. त्यानंतर कमान साहेब बहलीपाशी आले, सलाम केला आणि मुनशीकरवी विचारलं, ही घोडी कोणी तयार केली?

मी म्हटलं, "सांग त्यांना, मी आणि माझ्या नणंदेने. आणि हे इतिहासात लिही. झाकण लावलंस तर बघ."

ह्या वेळी त्याने लिहिलं. सकीनाने आपलं नाव दोनदा सांगितलं.

आता शेवटचं, आणि ह्याच्यासाठीच हे पत्र आहे.

संध्याकाळी हुरमत खाँ आला. यासीनला घेऊन, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. तुझे अब्बा गेल्यापासून ह्या घरात त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "भाभी, जेवायला काही आहे का?"

मी भातावर तूप आणि बुरा साखर वाढली. तो खाली मान घालून जेवत होता. जेवता जेवता म्हणाला, "जीभ झडली नाही."

"दिसतंय," मी म्हटलं. "चांगली चालते आहे. आणखी वाढू?"

त्याला हसू आलं. मग म्हणाला, "पंचांनी विचारलंय. तुमच्यामागे जागेवर कोणाचं नाव घालायचं? नवाजिशचं घालतो. हक्क त्याचाच आहे, मी आडवा येणार नाही."

हे त्याने मनापासून म्हटलं. मी त्याच्याकडे पाहिलं, यासीनकडे पाहिलं. ज्या जागेसाठी मी चार महिने झोपले नाही ती आता पूर्ण माझी होती. कोणाला द्यायची हे विचारायला दोघं माझ्या ओसरीवर आले होते. मी म्हटलं, "यासीनचं घाला."

हुरमत खाँचा घास हातातच राहिला. यासीन उठून अंगणात मैनापाशी गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. मी त्याला हाक मारली नाही.

तुझा हक्क मी देऊन टाकला. तुला विचारलं नाही. तू रागावलास तर तुझा राग मला कबूल आहे. पण विचार करून बघ. तू लिहिलं होतंस, घोड्यावर बसणार नाही म्हणून घरी येणार नाही. पहिल्या पत्रापासून मी तुला स्वार म्हणूनच बोलावलं. काल सारा रिसाला माझ्या नावाने गरजला, तेव्हा मी रांगेत एकदाही तुला शोधलं नाही. पण ताट वाढताना मात्र तुझं ताट काढलं, हात आपोआप गेला, आणि मांडून झाल्यावर ते उचलवेना.

आता तुला कोणी विचारणार नाही. ना चाचा, ना पंच, ना मी. इंजिनांविषयी सांग, मी ऐकेन. नेकीराम म्हणतो, तू बंद पडलेलं इंजिन कान लावून ओळखतोस. हे तू मला का सांगितलं नाहीस?

रिसाल्यात आता तुझी जागा नाही, बेटा. घरी ये.

तुझी अम्मा